मांजराची वरकमाई

मनुष्याचे मन अन्नावर पोसले जाते, हा सिद्धांत आपल्या पूर्वजांनी नुसता सांगून सोडला नाही, तो प्रयोगाने पडताळूनही पाहिला. छांदोग्य उपनिषदातील उद्दालक आरुणी आपल्या विद्वान पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून केवळ पाण्यावर राहावयास सांगतो. त्यानंतर वेद म्हणावयास बसविले तेव्हा त्या तरुणाला मुखोद्गत असलेले मंत्रही आठवेनासे होतात, आणि जेवू घातल्यावर तेच मंत्र पुन्हा जिभेवर येतात. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय तर आहाराची सात्त्विक, राजस आणि तामस अशी प्रतवारीच लावून देतो. इतके शास्त्र पाठीशी असल्यामुळेच की काय, आजही घरात कोणी विनाकारण खेकसू लागला की वडीलधारी बाई त्याच्या स्वभावाची चौकशी करीत बसत नाही, "सकाळपासून पोटात काही आहे का?" एवढेच विचारते. हा उदार न्याय उंबरठ्याशी बसलेल्या मांजराच्या वाट्याला मात्र सहसा येत नाही. ते गुरगुरले तर दुष्ट, चावले तर कृतघ्न, अंथरुणावर घाण केली तर डूख धरणारे, आणि पहाटे चार वाजता दाराशी ओरडत राहिले तर अवलक्षणी. त्याच्या प्रत्येक गुन्ह्याची नोंद आपण त्याच्या जातीच्या नावे करतो आणि प्रकरण दप्तरबंद करून टाकतो. त्याच्या वाटीत काय पडले होते याचा पंचनामा कोणी करीत नाही.

माझे आयुष्य सरकारी खजिन्याच्या हिशेबांत गेले. जमाखर्च जुळत नसेल तर माणसाच्या नियतीवर शंका घेण्यापूर्वी कागद पाहावा, ही खोड त्यामुळे अंगी मुरली, आणि निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात राहावयास आल्यावर ती एका मांजरीच्या कामी आली.

विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यानच्या माळावर पसरलेली ही वस्ती जुन्या शहराहून दिसण्यात सर्वस्वी निराळी आहे. तिकडे माळवदाची घरे, अरुंद बोळ, भिंतीपलीकडे चालणारे माग. इकडे आखीव प्लॉट, सिमेंटचे बंगले, फरशीची अंगणे आणि लोखंडी फाटके. मात्र शहराची बहुभाषिकता येथेही बिऱ्हाडासह आली. आमच्या गल्लीत उजव्या हाताला कानडी बोलणाऱ्या लिंगायत अक्का, समोर पद्मशाली समाजातील तेलुगू बोलणारे मामा, आणि मध्ये आम्ही. तीन रंगांची एक मांजरी या तिन्ही घरांत आपले वतन राखून आहे; अक्का तिला 'बेक्कू' म्हणतात, मामांच्या घरी ती 'पिल्ली' आहे, आणि आमच्या हिने तिचे नाव 'मनी' ठेवले आहे. ती तिन्ही नावांना सारखीच ओ देत नाही.

नवल असे की या एकाच मांजरीविषयी तिन्ही घरांच्या जबान्या परस्परविरोधी होत्या. अक्कांची तक्रार अशी, की इतके लाडाने दूध घालूनही हे जनावर पायाला चावते. "बघा की भाऊ, देवाच्या नैवेद्यातलं दूध घालतो आम्ही त्याला, आणि हे उलटून चावतंय. काय म्हणायचं ह्याला?" मामांच्या मते ती गाय होती, तिच्या तोंडात बोट घातले तरी चावणार नाही, असे ते शपथेवर सांगावयास तयार असत. आणि आमच्या घरी तिचे वर्तन एखाद्या तपासणी अधिकाऱ्याचे असे. यावे, दुकानातील पाकिटातले खाणे वाटीत आहे की नाही याची खातरजमा करावी, खावे, आणि कोणाशी फारसे न बोलता निघून जावे.

मी एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास अक्कांच्या पायरीवर बसून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. अक्कांनी ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून, वर साय घालून, पितळेची वाटी पुढे ठेवली. मांजरीने प्रथम नाक जवळ नेले, मग जिभेच्या टोकाने साय तेवढी उचलली, कडेचे दूध थोडे चाटले, आणि भाकरीचा चुरा उघडा पडताच थांबली. तिने वर पाहिले. मग ती अक्कांच्या पायांभोवती घोटाळू लागली, अंग घासू लागली. पण शेपटीचे टोक मात्र सारखे झटकत होते आणि कान हळूहळू मागे वळत होते. अक्का प्रेमाने म्हणाल्या, "खा गं, खा की." तिसऱ्या फेरीला तिने घोट्यावर दात रोवले, आणि फाटकाखालून निसटून गेली. उलट मामांच्या घरी रविवारी मटण आणले की साफ करताना निघालेले पडदे आणि तुकडे शिजविण्यापूर्वीच तिच्यापुढे पडतात. ते संपवून ती पंजाने तोंड पुसते, कान पुसते, आणि तेथेच रचलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर पोट वर करून निजते. त्या अवस्थेत तिला कोणीही हात लावावा.

एका मांजरीवरून सिद्धांत बांधणे धाडसाचे, हे मला ठाऊक आहे. अक्कांच्या पायांतील चांदीच्या जोडव्यांचा आवाज तिला सहन होत नसेल, मामांचा नातू तिच्याशी खेळतो म्हणून तेथे ती खुशीत राहत असेल; कारणे अनेक संभवतात. तरीही ही विसंगती मला एका जुन्या गोष्टीकडे घेऊन गेली.

माझे आजोळ बार्शीकडील एका खेड्यात होते. तेथील घरात ज्वारीचे पेव होते, माजघरात कणग्या होत्या, आणि मांजर अर्थातच होते. त्या मांजराला आजी दररोज भाकरीचा चतकोर आणि ताकदूध घाली, आणि त्यावर ते गुबगुबीत, शांत, पोराबाळांच्या अंगावर निजणारे असे जगले. घरातील सर्वांची अशी ठाम समजूत की मांजर भाकरीवर जगते. वस्तुतः भाकरी हा त्याचा पगार होता. संसार चालत होता तो वरकमाईवर. पेवाच्या तोंडाशी, आढ्यावर, गोठ्यातल्या कडब्याच्या गंजीत रात्रभर चाललेली त्याची वसुली कोणाच्या हिशेबी नव्हती, कारण ती कोणी पाहिलीच नव्हती.

गोऱ्या साहेबाला मात्र हा हिशेब नेमका कळला होता. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी कागदपत्रे कुरतडण्याचा उपद्रव मांडला, तेव्हा १८६८ साली तेथे तीन मांजरांची रीतसर नेमणूक करण्यात आली. त्यांच्या पोटगीसाठी आठवड्याला दोन शिलिंगांची मागणी वर गेली होती. वरिष्ठाने एकाच शिलिंगास मंजुरी दिली आणि उरलेले वेतन मांजरांनी उंदरांतून वसूल करावे, असा शेरा मारला. सरकारी शेऱ्यांमध्ये इतके शास्त्रशुद्ध विधान मी दुसरे पाहिलेले नाही. मनुष्य आणि मार्जार यांचा मूळ करारच तो आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले होते. त्याच्याही आधी पश्चिम आशियात माणसाने धान्य साठविण्यास आरंभ केला, धान्यापाठोपाठ उंदीर आले, आणि उंदरांपाठोपाठ रानमांजर आले. त्याला कोणी पकडून आणले नाही. कोठारावरचे वतन त्याने स्वतःच घेतले.

आता जुळे सोलापूर पाहा. येथे पेव नाही, कणगी नाही, कडबा नाही. मंगळवेढ्याची मालदांडी येते ती पत्र्याच्या कोठीत झाकण लावून ठेवली जाते, पुष्कळ घरी तर ती पिठाच्या रूपानेच येते. गटारे बंदिस्त, फरशी गुळगुळीत, आणि उरलासुरला उंदीर दिसताच त्याच्यासाठी औषधाची वडी. (ती वडी खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष मांजरालाही बाधू शकते, हे वडी ठेवणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.) म्हणजे पगार तोच राहिला, दूध आणि भाकरी, वरकमाई तेवढी बंद झाली. आजीच्या भाकरीने जे मांजर शांत दिसत होते, तेच मांजर अक्कांच्या भाकरीने चावते याचे मला वाटते सर्वांत मोठे कारण हे आहे, आणि त्यात ना आजीचे श्रेय आहे ना अक्कांचा दोष.

त्या वरकमाईत असे काय होते, याचा उलगडा गेल्या अर्धशतकात प्रयोगशाळांनी तुकड्यातुकड्याने केला. मांजर हे निव्वळ मांसाहारी जनावर आहे. कुत्रा किंवा मनुष्य जी द्रव्ये वनस्पतींपासून आपल्या शरीरात बनवू शकतो, त्यांतील कित्येक मांजराला तयार स्थितीत, दुसऱ्या प्राण्याच्या मांसातूनच घ्यावी लागतात. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून त्याला अ जीवनसत्त्व करता येत नाही. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला पुरेसे बनविता येत नाही, आणि ते मांसात, विशेषतः हृदयासारख्या अवयवांत, विपुल असते, धान्यात मुळीच नसते. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की ज्या मांजरांना प्रथिन म्हणून केवळ केसीन, म्हणजे दुधातील प्रथिन, दिले गेले, त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत जाऊन दृष्टी गेली, आणि त्याचे कारण टॉरीनची उणीव हे होते. १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की हृदय फुगून दुर्बल झालेल्या पुष्कळ मांजरांच्या रक्तातही तेच द्रव्य कमी आहे, आणि ते पुरविल्यावर हृदय सुधारते. ही मांजरे भाकरीवर नव्हे, विकतच्या खाण्यावर वाढलेली होती, आणि त्यानंतर कारखानदारांना आपल्या मालात टॉरीन वाढवावे लागले. आर्जिनीनची कथा आणखी विलक्षण. १९७८ साली मॉरिस आणि रॉजर्स यांनी हे द्रव्य अजिबात नसलेले अन्न मांजरांना एकच वेळ दिले. काही तासांच्या आत रक्तात अमोनिया साठून ती ओकू लागली, ओरडू लागली, त्यांची पावले अडखळू लागली. एका वेळच्या जेवणाने वर्तन इतके पालटावे असे दुसरे पाळीव जनावर माझ्या वाचनात नाही.

दूध-भाकरीत आर्जिनीन अगदीच नसते असे नव्हे, आणि अक्कांची मांजरी उद्या आंधळी होईल असेही मी म्हणत नाही. तिचे मामांकडचे खाते तिला तारून नेते. परंतु जे मांजर बंद सदनिकेत दूध-भात-पोळीवरच ठेवलेले आहे त्याचे काय? दृष्टी अंधुक होत चाललेले मांजर अकस्मात हात लागला तर दचकते आणि नख मारते. आपण त्याला माणूसघाणे म्हणतो. हृदय दुबळे झालेले मांजर खेळावयास उठत नाही; आपण त्याला आळशी म्हणतो. आणि दूध, जे आपण त्याच्यावरील प्रेमाची पावती म्हणून देतो, ते पचविण्याची शक्ती बहुतेक प्रौढ मांजरांत बाल्य सरताच ओसरते. पोटात वायू धरतो, ढाळ होतात, आणि पोट दुखत असलेल्या जीवाला आपण कुरवाळू लागलो तर तो काय करणार? साय त्याला आवडते, ती तिच्यातील स्निग्धांशासाठी. गोडाशी त्याचे काही देणेघेणे नाही. गोड चव ओळखणाऱ्या यंत्रणेचे एक जनुकच मांजरकुळात निकामी झालेले आहे, असे २००५ साली फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. संक्रांतीला शेंगांच्या पोळीचा तुकडा त्याच्यापुढे टाकून "बघा, कसं तुपासकट खातंय" म्हणणाऱ्यांनी तूप तेवढे खरे मानावे.

जेवणात काय आहे याच्याइतकेच ते केव्हा आणि कितीदा आहे यालाही महत्त्व असते. रानात मांजर दिवसरात्र मिळून दहाबारा वेळा लहान लहान शिकार करून खाते. आपण त्याला आपल्यासारखे दोन वेळा पानावर बसवितो, आणि मग पहाटे त्याने फिर्याद मांडली की कानावर उशी घेतो. त्या फिर्यादीतही कला आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली मांजरांच्या घुरघुरण्याचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा असे आढळले की काही मांजरे खाणे मागताना सुखाच्या घुरघुरण्यातच एक उंच, तान्ह्या मुलाच्या रडण्याची आठवण व्हावी असा सूर मिसळतात, आणि ज्यांनी मांजर पाळलेले नाही अशांनाही तो सूर निकडीचा वाटतो. आमची ही गाढ झोपेतून उठून नेमकी त्याच सुराला वाटी भरते, माझ्या हाकेला नाही.

उपाशी ठेवले म्हणजे मांजर उंदीर अधिक मारते, ही समजूत मात्र लंडनच्या त्या वरिष्ठापासून आमच्या गल्लीपर्यंत सर्वत्र आहे आणि ती अर्धीच खरी आहे. मांजर पोट भरलेले असतानाही शिकारीला उठते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आवडते अन्न खात असलेली मांजरे मध्येच उठून उंदराला मारून पुन्हा ताटाकडे परतली. अलीकडे, २०२१ साली, एक्सेटर विद्यापीठातील मंडळींनी शेकडो पाळीव मांजरांवर निराळा प्रयोग केला. ज्यांना धान्य टाळून भरपूर मांस असलेले खाणे दिले गेले, त्यांनी घरी आणलेल्या सावजांची संख्या ३६ टक्क्यांनी घटली; आणि ज्यांच्याशी दररोज केवळ पाचदहा मिनिटे खेळ खेळला गेला, त्यांची २५ टक्क्यांनी. म्हणजे पोट नुसते भरून भागत नाही, ते कशाने भरले आहे यावर मांजराची हाव ठरते असे दिसते. ज्याच्या वाटीत पीठ आहे तो बाहेरच्या चिमणीकडे अधिक आशेने पाहतो.

पाण्याविषयी सोलापूरकराला काही सांगावे लागू नये, कारण नळाला काही दिवसांआड येणारे पाणी आणि वैशाखातील त्रेचाळीस अंशांचे ऊन यांनी त्याला ते शिकविलेले आहे. मांजराचा पूर्वज वाळवंटी मुलखातला. त्याला तहान मंदच लागते, कारण उंदराच्या देहात निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि तोच त्याचा पाणवठा होता. कोरडे खाणे खाणारे मांजर उन्हाळ्यात पुरेसे पाणी पीत नाही, लघवी दाट होते, मूत्राशयात जळजळ उठते, आणि ज्या जागी दुखले त्या जागेचा राग धरून ते आपली नेहमीची माती सोडून गादीवर जाते. घरमालक म्हणतो, रागावलो होतो म्हणून सूड घेतला. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर दोनतीन दिवसांत प्राणावर बेतते. त्या बोक्याला सूडबुद्धीचा ठरवून अंगणात हाकलून देणाऱ्याने केलेला अन्याय मग दुरुस्त होण्यासारखा राहत नाही. कोरड्या खाण्यात पाणी घालावे, मातीच्या पसरट परळात खाण्याच्या वाटीपासून दूर पाणी ठेवावे, दोन ठिकाणी ठेवावे. एवढ्याने पुष्कळ गाद्या कोरड्या राहतील.

येथवर वाचून मांसाहारी घरातील वाचकाने स्वस्थ होऊ नये. मामांच्या रविवारच्या रश्श्यातील कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. त्यातून येणारा अशक्तपणा अंगात भिनतो तेव्हा मांजर कोपऱ्यात जाऊन बसते आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. काळीज स्वस्त मिळते म्हणून दररोज काळीजच घातले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेची हाडे आखडतात. उचलून घेतले की ते किंचाळते. गोड्या पाण्यातील कार्प कुळाच्या पुष्कळ माशांत, ते कच्चे असताना, ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. कच्च्या मासळीवरच ठेवलेल्या मांजराची भूक आधी मरते, मग मान छातीकडे झुकते, तोल जातो आणि अखेर झटके येतात. मासा शिजविला तर ते द्रव्य निकामी होते. उजनीची मासळी घरी येणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

माशाचा विषय निघाला की मला मिनामाताची मांजरे आठवल्यावाचून राहत नाहीत. जपानच्या दक्षिणेकडील त्या किनाऱ्यावर १९५० नंतरच्या वर्षांत कोळ्यांच्या वस्त्यांतील मांजरे एकाएकी नाचल्यासारखी चालू लागली, गरगर फिरू लागली, भिंतींवर आपटू लागली, आणि त्यांतील काही समुद्रात जाऊन पडली. लोकांनी त्याला नाचरोग म्हटले. मांजरांना वेड लागले, एवढेच कोणी समजावे अशी ती वेळ होती. पुढे तेच हातपाय कापणे, तीच तोल जाण्याची लक्षणे कोळ्यांच्या मुलांत दिसू लागली, आणि १ मे १९५६ रोजी त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत सोडलेला पारा माशांत साठला होता, आणि मासे मांजरांनी आणि माणसांनी खाल्ले होते. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. चारशे क्रमांकाच्या त्या मांजरात तोच रोग उमटला. कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला. गावाच्या अन्नात काय कालवले जात आहे, याची पहिली साक्ष मांजरांनी दिली होती आणि ती वर्तनाच्या भाषेत दिली होती. ती साक्ष नोंदवून घेणारा कोणी नव्हता.

आता उरला अक्कांचा प्रश्न, आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. "भाऊ, आमच्या घरात ते चालत नाही बघा. लिंग आहे अंगावर." या वाक्यापुढे कोणता युक्तिवाद करणार? अक्कांची अहिंसा खरी आहे. त्या मुंग्यांनाही साखर घालतात. परंतु आपले व्रत दुसऱ्याच्या आतड्यांवर लादणे ही अहिंसा की सक्ती, हा प्रश्न शाकाहारी महाराष्ट्राने स्वतःला विचारावयास हवा. शाकाहारी मांजराचे कौतुक सांगणारी माणसे मला दर आठवड्याला भेटतात. आपल्या जुन्या कथाकारांना असल्या मांजराविषयी मुळीच भ्रम नव्हता. हितोपदेशातील दीर्घकर्ण नावाचा बोका आपण मांस सोडल्याचे, गंगास्नान करून चांद्रायण व्रत आचरीत असल्याचे आंधळ्या गिधाडाला पटवून देतो, त्याच्या ढोलीत मुक्काम ठोकतो आणि पक्ष्यांची पिले फस्त करतो. पल्लवांच्या शिल्पकारांनी महाबलीपुरमच्या एका प्रचंड शिळेवर हात वर करून तप करणारे मांजर कोरले आणि त्याच्या पायाशी उंदीर बसविले. त्यांना दांभिकाचे चित्र काढावयाचे होते, हे खरे. पण दंभ ओळखू यावा म्हणून त्यांनी मांजरच निवडले, कारण मांजराने मांस सोडणे हे उघडउघड असंभव आहे, हे दगड फोडणाऱ्यालाही ठाऊक होते. आम्ही मात्र जुन्या कथेतला तो विनोद खरा मानून घरोघर दीर्घकर्ण पाळतो, आणि तो चावला की आश्चर्य करतो.

अक्कांशी तडजोड झाली ती अशी. दूध बंद झाले नाही, पण ते कमी होऊन त्यात निम्मे पाणी पडू लागले. पाकिटातील खाण्याचा डबा आमच्या घरी राहतो. संध्याकाळी आमची ही त्यातील मूठभर, पाण्यात भिजवून, अक्कांच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर एका निराळ्या परळात ठेवते, आणि अक्का आत देवघरात दिवा लावतात. मांजरी कट्ट्यावर जेवून मग अक्कांच्या पायरीवर जाते. घोट्याला चावणे थांबले आहे. मध्यंतरी मामांच्या घरी कोणी नव्हते, त्या दिवसांत ते पुन्हा सुरू झाले होते, म्हणून याचे सगळे श्रेय पाकिटाला देण्यास माझी तयारी नाही. शिवाय मांजराचे मन शांत करणारी म्हणून अलीकडे जी महाग पाकिटे निघाली आहेत, ज्यांत ट्रिप्टोफॅन किंवा दुधापासून काढलेले एखादे द्रव्य घातलेले असते, त्यांच्याविषयी मला सध्या तरी विशेष आदर नाही. त्यांच्या बाजूने सांगितले जाणारे प्रयोग लहान आहेत आणि जाहिरात मोठी आहे. ज्या मांजराला पुरेसे मांस, वेळेवर लहान घास, पाणी आणि घटकाभर खेळ मिळत नाही, त्याला शांततेची गोळी चारणे म्हणजे पगार थकलेल्या कारकुनाला प्रवचन ऐकविणे होय.

ज्यांच्या घरात कोणत्याही रूपात मांस येऊ शकत नाही, अगदी फाटकाबाहेरच्या कट्ट्यापर्यंतही नाही, त्यांनी मांजर पाळू नये; गाय पाळावी, तिचे आणि त्यांचे उत्तम जमेल. इतरांनी मांजराचा स्वभाव बिघडला असे वाटताच आधी महिन्याभरात त्याच्या खाण्यात काय बदलले ते आठवून पाहावे. ते म्हातारे असून पूर्वीपेक्षा अधिक खात असेल, तरी वाळत आणि चिडत चालले असेल, तर गळ्यातील ग्रंथीचा विकार असू शकतो. आणि त्याने खाणे साफ टाकले, विशेषतः लठ्ठ मांजराने, तर "येईल ताळ्यावर" म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि मग ते वाचविणे कठीण जाते. त्याला पशुवैद्याकडे न्यावे, आणि जाताना आठवडाभर त्याने कोणकोणत्या घरी काय काय खाल्ले याची यादी करून बरोबर घ्यावी. तिकडे पहिला प्रश्न तोच विचारतात.